जुना रेल्वे हॉर्न पुन्हा वाजता करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीला घरी आलेला प्रत्येक माणूस गॅरेजमधे डोकावतो आणि तेच दहा प्रश्न विचारतो. त्यात भारतातून येणारे मेसेज वेगळेच. म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू, पुढच्या वेळी लिंक पाठवली की झालं. मी इंजिनिअर आहे पण सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे हात काळे करणं हे सगळं मी चुका करत करत शिकलोय, त्या चुका पण खाली आहेत.

तुझ्याकडे नक्की काय आहे? ट्रकचा हॉर्न का?

नाही हो. अमेरिकन डिझेल इंजिनाच्या टपावर असायचा तो हवेचा हॉर्न आहे, लेस्ली कंपनीचा सुपरटायफॉन, मॉडेल एस-३एल. तीन कर्णे, एका ओतीव मॅनिफोल्डवर (तिघांना हवा वाटून देणारा सांगाडा) बसवलेले, सगळं ॲल्युमिनियमचं. ही लेस्ली कंपनी तेव्हा न्यू जर्सीतच होती, म्हणजे मी राहतो तिथून फार लांब नाही, नंतर ती फ्लोरिडात टॅम्पाला गेली. 'टायफॉन' हे मूळ स्वीडनच्या कॉकम्स कंपनीचं, लेस्लीने त्यांच्याकडून लायसन्स घेतलं होतं. आणि हो, हॅमंड ऑर्गनबरोबर जो फिरता लेस्ली स्पीकर असतो त्याचा आणि ह्याचा काही संबंध नाही, हे मला आत्तापर्यंत चार तबलजींना आणि एका कीबोर्डवाल्याला समजावून सांगायला लागलंय.

दुसरं मोठं नाव म्हणजे नेथन, त्यांचे एम, पी आणि के सिरीजचे हॉर्न. आणि एकसुरी, म्हशीसारखा हंबरणारा जुना वेस्टिंगहाऊसचा हॉर्न असतो तो वेगळा. मी खाली जे लिहिलंय ते बहुतेक सगळ्यांना लागू पडतं, पण हात मी फक्त लेस्लीला लावलाय.

शिट्टी आणि हॉर्न एकच ना?

नाही. वाफेच्या इंजिनाची शिट्टी बासरीच्या जातीची, तिच्यात हलणारा भाग काही नाही, वाफ कडेवर आपटते आणि आवाज होतो. हॉर्नमधे धातूचा पातळ पत्रा थरथरतो, म्हणजे हा सनईचा भाऊ. शिट्टीत बिघडण्यासारखं फार नसतं. हॉर्नमधे असतं, म्हणून तर हे एवढं लिहायला लागतंय.

मग आवाज येतो कसा?

हे नीट वाचा, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर आहे.

प्रत्येक कर्ण्याच्या बुडाशी, मागच्या झाकणाखाली एक गोल पातळ पत्रा असतो, त्याला डायफ्रॅम म्हणतात. त्याच्या समोर नोझल, म्हणजे कर्ण्याचं अगदी आतलं बारीक तोंड, आणि पत्रा त्या तोंडाच्या काठावर टेकून बसलेला असतो. हवा आली की पत्र्याच्या बाजूने दाब वाढतो, पत्रा काठावरून किंचित उचलला जातो, हवा नोझलमधून कर्ण्यात सटकते, दाब पडतो, पत्रा परत काठावर आपटतो. परत दाब, परत उचल. माझ्या ४४ नंबरच्या कर्ण्यात (हे नंबर काय ते पुढे सुरांच्या प्रश्नात) हे एका सेकंदात ४४० वेळा होतं. सूर कुठला लागणार हे मुख्यतः कर्ण्याची लांबी ठरवते, लांब कर्णा खालचा सूर, आखूड कर्णा वरचा.

म्हणजे तो एवढा मोठा ॲल्युमिनियमचा डोलारा, आणि सगळा आवाज कुठे आहे तर त्या पत्र्याच्या आणि नोझलच्या काठाच्या मधल्या केसाएवढ्या फटीत. लोक महिनाभर बाहेरून पॉलिश करत बसतात आणि मग विचारतात वाजत का नाही. बाहेरून कसाही दिसू दे, तो काठ सपाट आणि पत्रा सरळ असला की हॉर्न वाजतो. मिरजेला माझे मामा लोको शेडमधे फिटर होते, त्यांचं एक वाक्य मी गॅरेजमधे चिकटवलंय: "रंगाला हात शेवटी."

एकच मोठा हॉर्न लावायचा सोडून तीन-तीन पाच-पाच कर्णे कशाला?

वाफेची इंजिनं गेली आणि डिझेल आली तेव्हा सुरुवातीला एकसुरी हॉर्न लावले, आणि भानगड अशी झाली की फाटकावर लोकांना तो ट्रकचा हॉर्न वाटायचा. गाडी येतेय हे कळायचंच नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामधे रॉबर्ट स्वॅन्सन म्हणून एक इंजिनिअर होता, लाकूडतोडीच्या धंद्यात वाढलेला, शिट्ट्या बनवायचं वेड असलेला. त्याने ठरवलं की वाफेच्या शिट्टीसारखं अनेक सुरांचं एकत्र वाजणं हवेच्या हॉर्नमधून काढायचं. त्यातून एअरचाइम आले, अमेरिकेत ते नेथनच्या नावाने विकले गेले. हा माणूस लाकूडतोड्यांवर कविता पण करायचा आणि त्या वाचल्या जायच्या, हे मला फार आवडतं. १९६७ साली व्हँकुव्हरमधे एका इमारतीच्या छतावर त्याने दहा हॉर्नचा संच बसवला, जो रोज दुपारी बाराला कॅनडाच्या राष्ट्रगीताचे पहिले चार सूर वाजवतो. आता तो दुसऱ्या इमारतीवर हलवलाय.

सूर कोणते? पेटीवर सांग.

हा माझा आवडता प्रश्न.

लेस्लीच्या कर्ण्यावर नंबर ओतलेला असतो, त्याला दहाने गुणलं की साधारण फ्रीक्वेन्सी येते. एस-३एलमधे २५, ३१ आणि ४४, म्हणजे अंदाजे २५५, ३११ आणि ४४० हर्ट्झ. ३११ म्हणजे काळी दोन, ४४० म्हणजे पांढरी सहा, आणि २५५ ही पांढरी एकच पण जरा उतरलेली. आता २५ ला सा धरला तर ३१ चा सूर कोमल गंधार आणि शुद्ध गंधार ह्यांच्या बरोब्बर मधे पडतो, ४४ चा शुद्ध धैवत आणि कोमल निषाद ह्यांच्या मधे. पेटीवर बसतच नाही! उलट ३१ ला सा धरा, ४४ म्हणजे चोख तीव्र मध्यम. त्यामुळे तो आवाज कसा, तर भांडायला उठल्यासारखा, कानात खुपतो. मालगाडीला शोभतो.

ह्याच्या उलट नेथनचा के-५एलए. ॲमट्रॅकने, म्हणजे इथल्या प्रवासी रेल्वे कंपनीने, १९७० च्या दशकाच्या मधे तो घेतला आणि आज अमेरिकेत सगळीकडे तोच ऐकू येतो. पाच कर्णे: काळी दोन, काळी तीन, काळी चार, पांढरी सात आणि वरची काळी दोन. पांढरी सातला सा धरा, काय मिळतं? सा, ग, प, ध. भूपातला फक्त रिषभ गायब. माझ्या मुलीच्या गाण्याच्या बाई हे ऐकून इतक्या खूश झाल्या की त्यांनी स्टेशनवर जाऊन रेकॉर्ड करून आणलं. नेथनचा पी-५ पांढरी सहाच्या सा मधे सा ग प आणि कोमल नि, म्हणजे खमाज थाटाची आठवण.

विकत घेताना काय बघायचं?

सगळ्यात आधी, तो खरा आहे का. ऑनलाइन 'ट्रेन हॉर्न' म्हणून क्रोमचे चार भोंगे आणि एक छोटी टाकी विकतात, ते पिकअप ट्रकवाल्यांसाठी असतात, रेल्वेशी त्यांचा संबंध नावापुरता. खरा हॉर्न जड असतो, ओतकामाचा खरखरीतपणा दिसतो, अंगावर नंबर आणि कंपनीचं नाव ओतलेलं असतं.

मग भेगा. कर्ण्याची मान आणि मॅनिफोल्डला जिथे बोल्ट लागतात ते कान, हे दोन्ही टॉर्च मारून बघा. कर्ण्याच्या ओठाला पोचा असेल तर चालेल, आवाजात फारसा फरक पडत नाही. नोझलच्या काठाला खरवड असेल तर भाव पाडा. आणि डायफ्रॅम आहेत का हे विचारा, कारण काही लोक आतून रिकामे हॉर्न विकतात आणि फोटोत ते कळत नाही.

हॉर्न आला कुठून हेही विचारा. उभ्या इंजिनावरून हॉर्न काढून नेणारे चोर इथेही आहेत. विकणारा "मित्राने दिला" म्हणाला तर मी सोडून देतो.

भारतात मिळेल का? भंगारवाल्याकडे बघितलाय.

तिथे फार सांभाळून. रेल्वेचं भंगार रीतसर ई-लिलावात निघतं, आयआरईपीएस ह्या रेल्वेच्याच वेबसाइटवर. लिलावातून ज्याने घेतलं त्याच्याकडे कागद असतो, आणि त्याच्याकडून तुम्ही घेतलं तर तुमच्याकडे बिल पाहिजे. बिल नसेल आणि वस्तू रेल्वेची निघाली तर रेल्वे मालमत्ता बेकायदा ताब्यात ठेवण्याचा १९६६ चा कायदा आहे, आणि त्यात आरपीएफवाले चौकशीला येतात तेव्हा "मला छंद आहे" हे उत्तर चालत नाही. बिल घ्या, फोटो काढून ठेवा.

आपल्याकडच्या डब्ल्यूडीएम-२ ह्या डिझेल इंजिनाचा जन्म पण अमेरिकेतलाच, न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीच्या अल्को कंपनीकडून १९६२ मधे पहिली इंजिनं आली आणि १९६४ पासून वाराणसीला बनायला लागली. पण त्याला असे जुडग्याचे हॉर्न नसतात, एक खालच्या आणि एक वरच्या सुराचा असे वेगवेगळे भोंगे. आत काम तेच, पत्रा आणि नोझल, त्यामुळे खालचं सगळं लागू.

घरी आणला. लगेच कॉम्प्रेसर जोडून बघू का?

नको!! हा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला होता.

माझा हॉर्न आला तेव्हा मी २५ नंबरच्या कर्ण्यात टॉर्च मारला तर आत तळाशी काहीतरी करडं, गुळगुळीत, बोटाच्या पेरांसारखं. वाटलं सिमेंट आहे. लाकडी चमच्याच्या दांड्याने टोचलं तर मातीचं कवच फुटलं आणि आतून वाळलेले कोळी पडले, एक नाही दोन नाही, पंधरा-वीस, पाय पोटाशी घेतलेले. कुंभारीण माशीचं घर होतं ते. ती कोळ्याला डंख मारून लुळं करते आणि पिल्लाला खायला म्हणून मातीच्या खोलीत भरून ठेवते. हॉर्न वर्षानुवर्षं कोणाच्या तरी शेडमधे पडून होता, तिला आयती बिल्डिंग मिळाली. तेव्हा जर मी हवा सोडली असती तर ती माती थेट काठावर घासली गेली असती.

तर आधी कोमट पाण्यात कर्णे भिजवा, माती आपोआप सुटते, मग लाकडी काडीने काढा. स्क्रूड्रायव्हर आत घालायचा नाही. नोझलच्या काठाला लोखंड लागता कामा नये, हा एकच नियम तुम्ही पाळलात तरी अर्धं काम झालं.

बोल्ट निघत नाहीत!

निघणारच नाहीत. ॲल्युमिनियमच्या अंगात लोखंडी बोल्ट, वरून चाळीस वर्षं पाऊस, बर्फ आणि इथे रस्त्यावर मारतात ते मीठ. दोन धातू एकमेकांना खातात, आट्यांमधे पांढरी भुकटी भरते आणि बोल्ट एकजीव होतो. जोर लावला की बोल्टाचं डोकं तुटतं, मग ड्रिल करून काढत बसा.

माझी पद्धत अशी आहे की आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल मारायचं (डब्ल्यूडी-४० ने काम भागतं पण खास आटे सोडवायचं तेल मिळतं ते बरं), सकाळी बोल्टाच्या डोक्यावर पितळी ड्रिफ्ट (ठोकायची दांडी) ठेवून हलक्या हातोडीने टकटक, मग परत तेल, आणि संध्याकाळी हीट गनने बोल्टाच्या आजूबाजूचं ॲल्युमिनियम तापवायचं. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं त्यामुळे भोक सैल होतं. मग पाना लावून आधी थोडं आवळायच्या दिशेला, कटकन आवाज आला की उलटं, पाव फेरा सोडायचा, परत आवळायचा, परत सोडायचा. घाई केली की संपलं. माझे सगळे बोल्ट निघायला तीन दिवस लागले आणि त्यातला एक तुटलाच.

गॅसची बत्ती वापरू नका. लोखंड लाल होऊन तुम्हाला सांगतं, ॲल्युमिनियम तसं काही सांगत नाही, ६६० अंशाला गपचूप वितळून ओघळतं.

परत बसवताना स्टेनलेसचे नवे बोल्ट आणि आट्यांना अँटीसीझ (आटे परत एकजीव होऊ नयेत म्हणून लावायचा लेप). आटेच गेले असतील तर इन्सर्ट बसवून मिळतो, कुठलाही बरा टर्नर करून देईल.

उघडण्याआधी प्रत्येक कर्ण्याला आणि त्याच्या झाकणाला मार्करने खूण करा, आणि आतले पत्रे, रिंगा, गॅस्केट ज्या क्रमाने आणि ज्या बाजूने निघतील त्याचे फोटो काढा. लक्षात राहील असं वाटतं. राहत नाही.

साफ कशाने करायचं?

आधी चूक सांगतो. जुना काळा रंग आणि काजळी निघेना म्हणून मी ३१ नंबरच्या कर्ण्यावर ओव्हन साफ करायचा फोम मारला आणि जेवायला गेलो. परत आलो तर कर्णा फसफसत होता, आणि धुतल्यावर काळपट, खडबडीत, तव्यासारखा. त्या फोममधे कॉस्टिक सोडा असतो आणि कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो. नशीब की फक्त बाहेरून मारला होता. तो डाग अजून आहे, पाहुण्यांना दाखवतो.

तेव्हा: कोमट पाणी, भांड्याचा साबण, नायलॉनचा ब्रश. ग्रीस असेल तर थोडं रॉकेल (इथे मिनरल स्पिरिट). रंग काढायचाच असेल तर ॲल्युमिनियमला चालणारा पेंट रिमूव्हर, डब्यावर तसं लिहिलेलं असतं. आणि जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असण्याची दाट शक्यता. अमेरिकेत घरगुती रंगातलं शिसं १९७८ मधे बंद झालं, इंजिनांना काय काय फासलं असेल ते तुम्हीच बघा. टेस्ट किट स्वस्त मिळतं. ओलं घासा, मास्क लावा, लहान मुलं गॅरेजच्या बाहेर.

डायफ्रॅम आणि नोझलचं काय करायचं?

आलो मुद्द्यावर.

पत्रा बाहेर काढून काचेच्या तुकड्यावर ठेवा आणि बोटाने कडेला दाबून बघा, डुगडुगला तर वाकलाय. उजेडासमोर तिरका धरून भेग दिसते का बघा, केसासारखी असते, नखाला लागते. वाकलेला किंवा भेगाळलेला पत्रा हातोडीने सरळ करायच्या भानगडीत पडू नका, नवा घ्या, नेहमीच्या मॉडेलचे अजून मिळतात. जाडी मात्र तीच पाहिजे. 'थोडा जाड चालेल' म्हणून मी एका ठिकाणाहून पत्रा कापून आणला होता, हॉर्न फक्त खोकला. नुसताच गंजासारखा डाग असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच साफ करून वापरता येतो.

नोझलचा काठ. भिंगातून बघा. तो पूर्ण गोल, सलग, चमकदार कडं दिसला पाहिजे. जिथे चमक तुटते तिथून हवा सतत गळणार आणि पत्रा नीट आपटणार नाही. तो सपाट करायची रीत अशी: जाड काच, तिच्यावर ६०० नंबरचा पॉलिश पेपर, दोन थेंब पाणी, आणि कर्ण्याचं बूड त्याच्यावर उभं धरून मराठी चार (४) काढल्यासारखं फिरवायचं, दाब फक्त कर्ण्याच्या स्वतःच्या वजनाचा. पाच-सहा वेळा फिरवलं की उचलायचं, पुसायचं, भिंग. परत पाच-सहा. मग १००० नंबरवर शेवटचा हात. काठ आणि त्याच्या भोवतीची जिथे पत्रा आवळला जातो ती कडा ह्यांच्या उंचीचं एक ठरलेलं नातं असतं, पत्रा काठावर किती जोराने टेकतो ते त्याच्यावर असतं, त्यामुळे 'अजून थोडं, अजून थोडं' करत राहिलात तर सपाट काठ मिळेल आणि मुका हॉर्न. थांबता आलं पाहिजे.

ह्याच्यावरून एक रडगाणं. माझा ४४ नंबर मी रंगासाठी एका पावडर कोटिंगवाल्याकडे दिला होता, तीनदा सांगून, टेप लावून, की ह्या काठावर ब्लास्टिंग (दाबाने वाळूसारखे कण मारून साफ करणं) करायचं नाही. दिसायला सुंदर करून आणला, आतून टेप गायब आणि काठावर सगळीकडे बारीक खड्डे, वर त्याच्यावर कोटिंग. "आम्ही नीट साफ करून दिलं" म्हणे. त्या एका काठावर माझे दोन शनिवार-रविवार गेले. आता मी भोकाला आधी लाकडी गुडदी ठोकतो, मगच कर्णा कोणाच्या हातात देतो.

मग रंग द्यायचाच नाही का? क्रोम सारखं पॉलिश?

द्या की, तुमचा हॉर्न. पण हे हॉर्न इंजिनावर असताना कधी चकचकीत नव्हते, काजळी आणि रंगाचे थर हेच त्यांचं रूप. मी एक पातळ काळा हात दिला आणि कंपनीच्या नावाच्या अक्षरांना हात लावला नाही.

वाजवायला हवा कुठून आणायची?

इंजिनात मुख्य टाकीत साधारण १३० ते १४० पीएसआय असतं. घरी १०० ला छान वाजतो. दाबापेक्षा हवेचा *लोंढा* महत्त्वाचा, लोक दाब वाढवत बसतात आणि नळी मात्र पाव इंची, टायरमधे हवा भरायची. तसं केलं तर हॉर्न मांजरासारखा ओरडतो. टाकीपासून हॉर्नपर्यंत किमान अर्धा इंच नळी, अर्धा इंच बॉल व्हॉल्व्ह, मधे कुठेही बारीक क्विक कपलर नको. माझ्या २० गॅलनच्या टाकीत पाचेक सेकंद खणखणीत वाजतो, मग कॉम्प्रेसर दहा मिनिटं घरघरतो.

पीव्हीसी पाइप वापरू नका. पाण्याला चालतो, हवेला नाही, फुटला की तुकडे गोळीसारखे उडतात. टाकी गंजलेली नको, सेफ्टी व्हॉल्व्ह चालू पाहिजे, खालचा पाण्याचा कॉक दर वेळी सोडा. आणि झाकण उघडायच्या आधी नळी काढून टाका, नुसता कॉक बंद करून भागत नाही.

भारतात बसवणाऱ्यांसाठी: अमेरिकन हॉर्नला एनपीटी आटे असतात, आपल्याकडच्या दुकानात बीएसपी मिळतात. अर्ध्या इंचाला दोन्हीचे इंचाला १४ आटे, त्यामुळे सुरुवातीला मस्त बसतो असं वाटतं, पण एकाचा कोन ६० अंश, दुसऱ्याचा ५५. टेफ्लॉन टेप गुंडाळून गुंडाळून दमाल, गळतच राहणार, आणि जोर लावला तर मॅनिफोल्ड चिरेल. टर्नरकडून अडॅप्टर करून घ्या, एका बाजूला हे आटे, एका बाजूला ते.

सगळं केलं, तरी एक कर्णा गप्प आहे / चिरकतो / नुसती हवा जाते.

नुसती हवा जात असेल तर पत्रा काठावर टेकतच नाहीये, म्हणजे उलटा बसलाय, वाकलाय किंवा एखादं गॅस्केट जास्तीचं लागलंय. चिरकत असेल तर झाकणाचे बोल्ट सारखे आवळलेले नाहीत, समोरासमोरचे थोडे थोडे करून परत आवळा, चाकाचे नट आवळतो तसे. सुरुवातीला घोगरा आणि मग ठीक म्हणजे आत पाणी. अजिबात काहीच नाही म्हणजे, मला सांगायला लाज वाटते, मॅनिफोल्डच्या भोकात मीच घातलेला चिंधीचा बोळा.

एकेक कर्णा वेगळा वाजवून बघा, बाकीच्यांचं तोंड प्लेटने बंद करून. तिघे एकदम वाजत असताना कोण खोटं बोलतंय ते कळत नाही.

कानाला त्रास होईल का?

होईल. अमेरिकन नियमाप्रमाणे इंजिनाचा हॉर्न १०० फुटांवर ९६ ते ११० डेसिबल असावा लागतो. अंतर निम्मं केलं की सहा डेसिबल वाढतात, असं करत तुम्ही तीन फुटांवर उभे राहिलात तर हिशेब १४० च्या घरात जातो. इअरप्लग आणि वरून इअरमफ, दोन्ही. कर्ण्याच्या समोर कोणी उभं राहायचं नाही, कुत्रा घरात. गॅरेजचं दार बंद करून वाजवू नका, एकदा वाजवला होता, ट्यूबलाइट पडली.

शेजारी? पोलिस?

आमच्या गल्लीत मी आधी सगळ्यांना सांगून ठेवतो, शनिवारी दुपारी, दोनदा, बास. त्या बदल्यात चिवडा आणि चकली पोचती होते. खरं म्हणजे गावाबाहेर मोकळ्या जागेत न्यावा. इथे रूळाजवळ तर अजिबात वाजवू नका, गाडी आली समजून कोणी दचकून काही करेल.

भारतात राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. हिशेब तुम्हीच करा, सोसायटीच्या गच्चीवर हा प्रयोग बसत नाही.

बुलेटला / थारला लावला तर?

नाही. मोटार वाहन नियमांतला ११९ वाचा, असले भेसूर आवाजाचे हॉर्न गाडीला चालत नाहीत. आणि नियम नसता तरी नाही म्हटलं असतं, समोरचा दुचाकीवाला दचकून पडेल.

लांब-लांब-आखूड-लांब असंच का वाजवतात?

फाटकाचा इशारा आहे तो. इथे २००५ पासूनच्या नियमात ड्रायव्हरने फाटकाच्या १५ ते २० सेकंद आधी सुरू करायचं आणि फाटक गाठेपर्यंत तेच चालू ठेवायचं. काही गावांनी फाटकावर जादा सुरक्षा करून 'शांत पट्टा' करून घेतलाय, तिथे हॉर्न वाजत नाही. आपल्याकडे पिवळ्या बोर्डावर 'सी/फा' लिहिलेलं असतं ना, सीटी फाटक, तोच प्रकार. लहानपणी आम्ही त्याला कोणाचं तरी नाव समजायचो.

थंडीत आवाज उतरतो का? मला तसा भास होतो.

भास नाही. थंड हवेत ध्वनीचा वेग कमी होतो. शून्य अंश आणि तीस अंश ह्यात पाचेक टक्के फरक, म्हणजे जवळजवळ अर्धा सूर. जानेवारीत माझी पांढरी सहा काळी चारकडे झुकते.

खर्च किती आला?

हॉर्नला काहीशे डॉलर, पत्रे-गॅस्केट-बोल्ट किरकोळ, कॉम्प्रेसर आधीच होता (बायकोला असंच सांगितलंय). वेळ धरला तर विचारू नका.

वाजला तेव्हा कसं वाटलं?

पहिल्यांदा वाजला तेव्हा मी मामांना व्हिडिओ कॉल लावला. मिरजेला एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज तिन्ही होत्या आणि मामा पलंगावर पडल्या पडल्या आवाजावरून कुठली गाडी ते सांगायचे, म्हटलं ह्यांना ऐकवू. फोन स्टँडला लावला, मफ चढवले, लिव्हर खेचला. सगळं गॅरेज हादरलं. आणि मामा स्क्रीनवर ढिम्म. फोनला तो आवाज म्हणजे गोंगाट वाटला, त्याने पूर्ण कापून टाकला, त्यांना हॉर्नचा 'ह' पण ऐकू गेला नाही. मी लिव्हर सोडला, मफ काढले, विचारलं काही आलं का ऐकू?

"हॉर्न नाही आला," म्हणाले, "पण बंद केल्यावर सुंऽऽ येतंय बघ. व्हॉल्व्ह गळतोय. वॉशर बदल."

खरंच गळत होता.